सातबारा: एका डेटाबेसची दोनशे वर्षं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी रात्री रिलीज संपवून घरी येऊन पडलो होतो, तेवढ्यात गावाहून काकांचा फोन.

"अरे, तू कॉम्प्युटरमधलाच ना? मग बघ तुझ्या कॉम्प्युटरनं काय केलंय ते. दोन एकर रान होतं, अठरा गुंठे केलंय."

झालं असं होतं की काका पीककर्जासाठी नवा सातबारा घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी क्षेत्र वाचलं आणि म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यावर एवढं कर्ज कसं देऊ?" काकांनी चष्मा लावून बघितलं. आमच्या गटाचं क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर. कागदावर होतं ०.१८. कोणीतरी, कधीतरी, टाइप करताना दोन आकडे उलटे मारले होते. बस्स, एवढंच.

मी हसलो. म्हटलं काका, हा टायपो आहे, अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडे असा बग आला तर चहा गार व्हायच्या आत फिक्स होतो.

अर्ध्या तासाचं काम व्हायला चौदा महिने लागले. :-)

त्या चौदा महिन्यांत मी बऱ्याचदा गावी गेलो, काकांबरोबर बाकड्यांवर बसलो, आणि बाकड्यावर बसून करायला दुसरं काही नसल्यामुळे सातबाऱ्याचा इतिहास वाचत सुटलो. सुरुवात रागातून झाली होती, हे कबूल करतो. "सरकारी लोकांना एक साधा डेटाबेस नीट ठेवता येत नाही" हे आपलं नेहमीचं पालुपद. पण वाचत गेलो तसा राग जरा कमी झाला आणि काळजी जरा वाढली. कशी, ते सांगतो.

आधी ज्यांचा गावाशी संबंध उरलेला नाही त्यांच्यासाठी: सातबारा हे एका कागदाचं नाव नाही, दोन कागदांचं आहे. गावाच्या दप्तरात जे हिशेब ठेवायचे त्यांना "गाव नमुने" म्हणतात आणि त्यांना नंबर आहेत. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: या गटाचं क्षेत्र किती, कोणाच्या नावावर, त्यावर बोजा कोणाचा, इतर हक्क कोणाचे. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद: कुठल्या हंगामात काय पेरलं, पाणी कशाचं. वर सात, खाली बारा, म्हणून सातबारा. याच्या जोडीला नमुना सहा, म्हणजे फेरफार. खरेदी, वारस, वाटणी, गहाण, काहीही झालं की आधी त्याची नोंद सहामध्ये, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मंडल अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मग तो बदल सातमध्ये. आणि नमुना आठ-अ, म्हणजे एका माणसाच्या नावावर गावात कुठंकुठं काय आहे त्याची यादी.

आता हेच आमच्या भाषेत वाचा. सहा म्हणजे ट्रॅन्झॅक्शन लॉग. सात म्हणजे करंट स्टेट. आठ-अ म्हणजे माणसाच्या नावावरचा इंडेक्स. आणि बदलाला दोघांची सही लागते, लिहिणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. एफ. जी. एच. अँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गाव नमुने नीट लावून दिले. अजूनही महसूल खात्यात "अँडरसन मॅन्युअल" हा शब्द ऐकू येतो. कॉम्प्युटरचा पत्ता नसताना माणसाने केलेलं हे डिझाइन बघून मी खरंच टोपी काढली.

पण ही गोष्ट अँडरसनपासून सुरू होत नाही.

जमीन मोजायची आणि त्यावर सारा ठरवायचा, हा उद्योग आपल्याकडे जुना. निजामशाहीत मलिक अंबरची धारापद्धत प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी करवली. काठी किती लांबीची, तर पाच हात पाच मुठी. अशा वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पण गावाचा हिशेब कोणाकडे? कुलकर्ण्याकडे. तेही वतन, बापाकडून मुलाकडे. मोडीत लिहिलेलं, रुमालात बांधलेलं दप्तर, त्याच्याच घरात. म्हणजे डेटा, त्याचा बॅकअप आणि त्याचा पासवर्ड, तिन्ही एकाच वाड्यात. कुलकर्णी चांगला असेल तर गाव सुखी, नसेल तर बोलायची सोय नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा सगळा मुलूख एल्फिन्स्टनच्या हातात आला. त्याने घाईने काही मोडलं नाही, आहे तेच चालू ठेवलं. पण कंपनीला पैसे हवे होते, आणि कुठल्या जमिनीवर किती बसवायचे हे कळत नव्हतं. म्हणून पहिला मोठा प्रोजेक्ट निघाला.

त्या प्रोजेक्टचा मॅनेजर होता आर. के. प्रिंगल. तरुण अधिकारी. इंग्लंडात कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात शिकलेला, आणि तिथं अर्थशास्त्र शिकवायला कोण, तर खुद्द माल्थस. डोक्यात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पक्का बसलेला. थिअरी सुंदर होती: शेतातून एकूण उत्पन्न किती ते काढा, त्यातून बियाणं, बैल, मजुरी सगळा खर्च वजा करा, जे उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे पंचावन्न टक्के सरकारचे. कोणावर अन्याय नाही, सगळं गणिती. १८२४ ते १८२८ अशी चार वर्षं पुणे भागात मोजणी चालली आणि १८३० च्या सुमाराला नवे दर लागू झाले.

आणि प्रोजेक्ट सपाटून आपटला.

कारण निव्वळ उत्पन्न काढायचं तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा उतारा आणि खर्च माहीत हवा. तो आकडा साहेबाला कोण देणार? खालचे कारकून. ते हजारोंनी शेतं बघत हिंडत होते, कमी पगारावर, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कोणी नाही. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन कागदावर मुरमाड झाली, आणि ज्याने केले नाहीत त्याची मुरमाड जमीन काळी. वर पुण्यात बसून भागाकार दशांशापर्यंत अचूक, आणि खाली इनपुटच खोटं. त्यात धान्याचे भाव पडलेले. सारा झेपेना तेव्हा लोकांनी जमिनी टाकल्या आणि गावं सोडून गेले. इंदापूर तालुक्यात तर रानंच्या रानं पडीक झाली.

मी हे वाचलं तेव्हा दहा मिनिटं पुस्तक बाजूला ठेवून बसलो. हा प्रोजेक्ट मी पाहिलाय! वर पॉवरपॉइंट चकाचक, आर्किटेक्चर पुस्तकातलं, आणि खालून येणारा डेटा कोणी एकदासुद्धा उघडून बघितलेला नाही.

प्रिंगलनंतरचे दोघे मला जास्त आवडले. एक गोल्डस्मिड, मुलकी अधिकारी. दुसरा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट, बॉम्बे इंजिनिअर्समधला. (इंजिनिअर! कॉलर थोडी ताठ करून घेतो.) १८३५ मध्ये हे दोघे त्याच उजाड इंदापुरात कामाला लागले. त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर थिअरी खुंटीला टांगली. निव्वळ उत्पन्न वगैरे शोधायच्या भानगडीतच पडले नाहीत. जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताने तपासता येतं तेवढंच मोजायचं. मातीचा रंग आणि पोत कसा, खोली किती, खडे किंवा चुनखडी आहे का, पाणी साचतं का, उतार आहे का. त्यावरून शेताला सोळा आण्यांपैकी किती आणे द्यायचे ते ठरवायचं. नऊ प्रती. आणि दर ठरवताना त्या भागात आधीच्या वर्षांत प्रत्यक्षात किती वसूल झालं, बाजार किती लांब, पाऊस कसा, हे सगळं बघून लोकांना झेपेल असा आकडा. तोही तीस वर्षांसाठी पक्का. मधल्या काळात तुम्ही विहीर खणा, बांध घाला, सारा वाढणार नाही.

मोजणीचं साधनही असंच साधं. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. करून बघा: तेहेतीस गुणिले तेहेतीस १०८९, गुणिले चाळीस ४३,५६०. इंग्लिश एकर बरोब्बर! आणि निरक्षर माणसालाही आण्याचा हिशेब तोंडपाठ. युजर इंटरफेस म्हणतात तो हा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कारकून याही वेळी तेच होते, पगारही फार मोठे नव्हते. फरक एवढाच की त्यांनी प्रतवारी करून दिलेल्या शेतांपैकी काही शेतं वरचा अधिकारी स्वतः जाऊन पुन्हा खणून बघायचा, आणि दोन्ही आकडे समोरासमोर ठेवायचा. आपलं कुठलं शेत तपासलं जाईल हे कारकुनाला आधी माहीत नसायचं. ही तपासणी पद्धतीतच बसवलेली होती, साहेबाच्या मर्जीवर नव्हती. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून सगळे नियम "जॉइंट रिपोर्ट"मध्ये लिहून काढले आणि मग हीच पद्धत मुंबई इलाख्यात जवळजवळ सगळीकडे गेली. आजही जुन्या माणसांच्या तोंडी सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, आकार हे जे शब्द असतात, त्यांचा उगम इथला.

म्हणजे विंगेटने सगळं गोड केलं असं नाही बरं का. तीस वर्षं संपल्यावर १८६७ च्या सुमाराला दर नव्याने ठरले आणि भरपूर वाढले. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, नंतर ते कोसळले, दर मात्र वरच राहिले. शेतकरी सावकाराच्या दारात गेला, आणि आता त्याच्याकडे गहाण ठेवायला नंबर असलेली, नोंद असलेली, विकता येणारी जमीन होती. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. दख्खनचे दंगे आपण शाळेत दोन ओळींत वाचले. त्यामागची कारणं कुठली मोठी यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण एका गोष्टीवर कोणाचाच वाद नाही: लोकांनी सावकारांना फारसं मारलं नाही, त्यांनी खतं जाळली. कर्जरोखे, कागद. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या माणसांना बरोबर कळलं होतं की आपलं रान कुठं आहे. ते त्या कागदात आहे.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आणि हळूहळू सरकारच्या लक्षात आलं की विंगेटच्या नोंदवहीत एक मोठी गोष्ट नाहीच. तिने एकच प्रश्न विचारलेला: या नंबरचा सारा कोण भरणार? एक नाव मिळालं की वसुलीचं काम झालं. त्या नावामागे चार भाऊ आहेत, गहाण आहे, कूळ आहे, हे कुठंच नाही. म्हणून १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आणि त्यातून आलेले आजचे नमुने. आता प्रश्न बदलला: कोणाचा काय हक्क?

माझ्या मते सातबाऱ्याचं सगळं दुखणं इथे आहे. वसुलीसाठी बांधलेल्या टेबलात आपण हक्क भरायला लागलो. पाया तोच ठेवला आणि त्यावर मजले चढवत गेलो. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९४८ चा कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कुळं मालक झाली. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं आणि पगारी, बदली होणारा तलाठी आला. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. मग एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर. प्रत्येक वेळी जुन्या वहीतून नव्या वहीत नक्कल. प्रत्येक नकलेत थोड्या चुका. आणि प्रत्येक नव्या वहीवर शिक्का, की हेच खरं.

कायद्याची भाषा मात्र जपून आहे. कलम १५७ म्हणतं की ही नोंद खरी आहे असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाहीच. सर्वोच्च न्यायालयानेही कितीतरी निकालांत सांगितलंय की महसुली नोंदीने मालकी येत नाही आणि जात नाही. पण पीककर्ज, नुकसानभरपाई, विमा, विहिरीचं अनुदान, संपादनाचा मोबदला, सगळीकडे आधी काय मागतात? सातबारा. कोर्टाच्या दृष्टीने जे गृहीतक, तेच काकांच्या दृष्टीने अख्खं रान.

मग आमची जमात आली. :-)

१९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात आपला वर्धा होता. पुढे सगळीकडे डेटा एंट्री सुरू झाली. शेजारी कर्नाटकाने २००१ च्या आसपास "भूमी" प्रकल्पात सुमारे दोन कोटी नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या आणि एक कडक निर्णय घेतला: तालुक्यात कॉम्प्युटर सुरू झाला की हाताने लिहिलेला उतारा बेकायदेशीर. आपल्याकडे बराच काळ दोन्ही चालू राहिलं. तलाठ्याच्या हातची वहीही चालू आणि कॉम्प्युटरही चालू. दोन मास्टर डेटाबेस एकाच वेळी चालवले की काय होतं, हे कुठल्याही फ्रेशरला विचारा.

आमचा ०.१८ त्याच दरम्यान कुठंतरी जन्मला असणार. टाइप करणारा पोरगा माझ्याच वयाचा असेल. पुढ्यात फाटक्या वह्यांचा ढीग, कोणाच्या अक्षराला कोणाचा मेळ नाही, आणि एंट्रीमागे मोजून पैसे. त्याला मी तरी काय दोष देऊ? दोष असला तर तो नंतर दुसऱ्याने ताडून बघायला हवं होतं याचा.

हे सरकारलाही कळलं, हेही सांगितलं पाहिजे. ई-फेरफार आलं, आणि सगळं ऑनलाइन करायच्या आधी जुन्या वहीशी संगणकातला सातबारा जुळवायचा म्हणून "एडिट मॉड्यूल" आणि मग "री-एडिट मॉड्यूल" दिलं. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं. चावडीवर लोकांना बोलवायचं, सातबारे मोठ्याने वाचायचे, चूक असेल त्याने उठून सांगायचं. मला ही कल्पना मनापासून आवडते. अडीच कोटींच्या आसपास सातबारे असलेल्या राज्यात याहून स्वस्त टेस्टिंग शक्य नाही. त्यानंतर १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला, आता तो पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. २०२१ मध्ये १५ ऑगस्टला ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे नमुना बारा शेतकऱ्याने स्वतःच शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढून भरायचा. विंगेट असता तर खूश झाला असता. "जागेवर जाऊन बघा" हेच तर तो म्हणत होता.

तरी काम का अडतं? बाकड्यावर बसून मला दिसलं ते सांगतो.

एक, माणसं कमी. आमच्या तलाठ्यांकडे स्वतःच्या सजेशिवाय आणखी दोन सजांचा कार्यभार होता. (सजा हा शब्द कोणी ठेवला त्याला विनोदबुद्धी असावी.) त्यांनाच निवडणुकीची कामं, गारपिटीचे पंचनामे, अनुदानाच्या याद्या. २०२३ मध्ये तलाठ्यांची ४,६४४ पदं निघाली तेव्हा दहा लाखांवर अर्ज आले. माणसं नाहीत असं नाही, जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नसतात. २०२४ मध्ये पदाचं नाव बदलून "ग्राम महसूल अधिकारी" केलं. दप्तर तेवढंच राहिलं.

दोन, एका जमिनीची तीन खाती. खरेदीखत नोंदवतो दुय्यम निबंधक, नाव लावतो महसूल विभाग, आणि नकाशा ठेवतो भूमी अभिलेख विभाग. तिघे एकमेकांशी जोडले जातायत, पण पोटहिश्शांचं काय? चार भावांत सातबाऱ्यावर वाटणी होते, क्षेत्र फुटतं, आणि बऱ्याच ठिकाणी नकाशावर रेघ ओढलेलीच नसते. कागदावर चार, नकाशात एक. भांडण बांधावर.

तीन, मेलेली माणसं. खातेदार गेला तरी नाव तसंच, कारण वारस लावायचे तर दाखले आणि फेऱ्या. हे इतकं साचलं की २०२५ मध्ये सरकारला "जिवंत सातबारा" नावाची मोहीम काढावी लागली. नाव वाचून हसू येतं, पण राज्यभर मोहीम काढावी लागणं यातच काय ते आलं.

आणि चौथं आमच्याच घरात सापडलं. ते लिहू की नको यावर मी दोन वीकेंड घालवले. लिहितो.

क्षेत्र दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली अर्ज करायचा, पुरावा म्हणून जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार जोडायचा. अभिलेख कक्षातून ते काढायलाच काही महिने गेले. शेवटी नकला हातात आल्या. मी हौसेने जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून, कोड रिव्ह्यू करतो तसं, ओळीला ओळ लावत गेलो. ०.८१ सापडलं, जीव भांड्यात पडला. आणि मग उजवीकडच्या "इतर हक्क" रकान्यात निळ्या शाईत आत्याचं नाव दिसलं.

आजोबा गेले १९९८ मध्ये. तेव्हाच्या वारस फेरफारात आजी, बाबा, काका खातेदार आणि आत्या इतर हक्कात. (मुलींची नावं तिकडे ढकलायची ही गावोगावची रीत. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस असली तरी.) नव्या, कॉम्प्युटरच्या सातबाऱ्यावर आत्या कुठंच नाही. हक्कसोड नाही, फेरफार नाही, काही नाही. टाइप करणाऱ्याने तो रकाना कोरा सोडला, एवढंच.

म्हणजे एकाच पानावर दोन चुका. एक आमच्या विरुद्धची, जिच्यासाठी काकांनी चपला झिजवल्या. दुसरी आमच्या फायद्याची, जी इतकी वर्षं कोणाला दिसली नाही. आमच्या गावात चावडीवाचन झालं होतं म्हणे. पण आत्या नांदायला साठ किलोमीटरवर. चावडीवर कोण बसलं होतं? काका आणि काकांसारखेच सगळे.

मग मला ते विंगेटचं पुन्हा तपासणं नीट कळलं. ज्याचं नुकसान झालंय तो ओरडला की चूक सापडते, या भरवशावर चालणारी पद्धत अर्ध्याच चुका पकडते. ज्याला ओरडायला कोणी आणलंच नाही, त्याचं काय? परक्या गावी दिलेल्या मुली, शहरात हमाली करणारा भाऊ, वाट्याने कसणारा, ज्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं. ई-पीक पाहणी झाली, डिजिटल सही झाली, सगळं छान आहे. पण सही फक्त एवढंच सांगते की नोंदीत कोणी फेरफार केलेला नाही. नोंद खरी आहे की नाही ते सही सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी तिऱ्हाइताने, ज्याला त्यात ना नफा ना तोटा, काही पानं उचलून जुन्या कागदाशी आणि जमिनीवरच्या माणसांशी जुळवून बघायला हवीत. कोणी तक्रार केली नसताना. १८३५ मध्ये हे बैलगाडीच्या वेगाने करता आलं, तर आता का नाही?

रात्री जेवण झाल्यावर मी दोन्ही कागद काकांपुढे ठेवले. काकांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. काकू भांडी घासत होती ती थांबली.

"मला ठाऊक नव्हतं असं नाही म्हणत मी," काका म्हणाले. "पण बघितलं नाही कधी."

मी गप्प बसलो. काय बोलणार?

मग म्हणाले, "अर्जात घाल तिचं पण. एकाच फेऱ्यात होऊन जाईल."

एका फेऱ्यात झालं नाही, अर्थातच. क्षेत्राचा आदेश गेल्या वर्षी निघाला, नव्या सातबाऱ्यावर आता ०.८१ आहे. आत्याची नोंद हक्काची म्हणून तिची वेगळी सुनावणी लागली, ती अजून चालू आहे. काका तारखेला जातात. आत्या पहिल्या तारखेला आली होती, येताना घरच्या शेंगांची चटणी घेऊन. बाकड्यावर बसून तिने काकांना विचारलं, "दादा, रान तेवढंच हाय ना रं?" काका म्हणाले, "तेवढंच. कागदच वाढतोय."

असो. लांबलं बरंच. तुमच्यापैकी ज्यांचं गाव कुठंतरी आहे त्यांनी पुढच्या खेपेला एक काम करा. पंधरा रुपयांचा नवा सातबारा काढा आणि जुन्या वहीची नक्कलही काढा. दोन्ही शेजारी ठेवा. तुमच्या विरुद्धची चूक तुम्हाला लगेच दिसेल. दुसऱ्या प्रकारची मुद्दाम शोधावी लागते.